ठकाईची खुडूक कोंबडी

फार फार वर्षांपूर्वी, घरोघरी दळणाची जाती फिरत होती तेव्हाची ही गोष्ट. टाकेवाडीचा म्हादू पाथरवट जाती घडवायचा. एके दिवशी जात्याची तळी, म्हणजे खालचा जड दगड, त्याच्या उजव्या हातावर पडली. बोटं ठेचली, करंगळीचा शेंडाच उडाला.

वाडीची माणसं मायाळू, हीच तर पंचाईत! जो येई तो "बघू तरी!" म्हणत फडकं सोडी. कुणी चुना भरी, कुणी तपकीर, कुणी चुलीतली राख. हात सुजून भोपळा झाला. जाणते म्हणाले, "मनगटापासनं हात उतरवा, न्हाईतर माणूस जाईल."

म्हादूची बायको अनसा हबकली. हातच गेला तर जाती कोण घडवणार, पोरांनी खायचं काय? ती ओढ्यापलीकडे जखमा बांधणाऱ्या ठकाईकडे धावली.

ठकाईने कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्याने जखम धुतली, मध लावून स्वच्छ फडकं बांधलं. मग उबवणीला आलेली घरची खुडूक कोंबडी आणून म्हादूच्या उशाशी अंड्यांवर बसवली.

"अनसे, फडकं बदलीन ते मीच. सारखं उठवून बघितलं तर अंडी नासत्यात. जखमंचं बी तसंच हाय."

कोंबडी महाखट! "बघू तरी" म्हणत येणाऱ्याला ती टोचून पिटाळी. खुद्द पाटील धोतर सावरत पळाले, असं म्हणतात.

हळूहळू सूज उतरली. पण हाताला अशी खाज सुटली की म्हादू तळमळू लागला. आत किडे तर नाही पडले? अनसाला राहवेना. तिने गाठीला हात घातला मात्र, कोंबडीने कचकन चोच मारली.

"टोचलं ते बरं झालं!" ठकाई हसली. "खाज सुटली म्हंजी आत नवं मांस धरतंय."

अंडी फुटली, पिल्लं चिवचिवली, तेव्हा ठकाईने फडकं सोडलं. आत गुलाबी कातडी! करंगळीला नवा शेंडा, आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढं नख, असं म्हणतात. म्हादूने मूठ मिटली, उघडली. अनसा हसता हसता रडायला लागली.

ठकाई म्हणाली, "म्या काय केलं? घाण काढली नि बघणारे अडवले. अंग आपलं आपन शिवतं."

आजही टाकेवाडीत कुणाला जखम झाली की उंबऱ्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालतात. विचारपूस करायला आलेले बाहेरूनच विचारतात, "ठकाईची कोंबडी बसली का?"

आतून उत्तर येतं, "बसली!"

मग माणसं निर्धास्त घरी जातात.