महाराजांनी मागितलेल्या खुणा

"बाई, हे फळ्यावर डास बसवलेत की काय?"

देवकोंड संस्थानचे महाराज सर्जेराव मुलींच्या शाळेच्या दारात उभे होते आणि त्यांची काठी फळ्यावरच्या अवतरणचिन्हांकडे रोखलेली होती. सगुणाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"डास नव्हेत, सरकार. बोलणाऱ्याचं तोंड उघडलं की ही खूण, आणि मिटलं की ती. मधलं सगळं त्याचं बोलणं. कुणाचे शब्द कुणाचे, ते कळावं म्हणून."

"आमच्या आजोबांनी मोडीत राज्य चालवलं. शब्दाला शब्द चिकटलेला, तरी कुणाचं काही अडलं नाही. काय दिवाणजी?"

मागे उभ्या असलेल्या दिवाण त्रिंबकरावांनी मान डोलावली. मुलींची शाळा त्यांना पहिल्यापासूनच खुपत होती. "सरकार, या फिरंगी खुणा आहेत. आज खुणा, उद्या आणखी काही. शाळाच बंद केलेली बरी."

महाराज हट्टी खरे, पण गंमत त्यांना आवडे. कोष्ट्याची ही लेक खाली न बघता उत्तर देते, हेही त्यांना दिसत होतं.

"उद्या दरबारात या," ते म्हणाले. "मी स्वतःच्या तोंडाने या खुणा मागितल्या, तर शाळा चालेल. पण तुम्ही त्यांच्या बाजूने अवाक्षर काढायचं नाही. आर्जव नाही, वाद नाही. नाही जमलं, तर शाळेला कुलूप."

शाळा सुटल्यावर एक मुलगी घुटमळत राहिली. "बाई, परवा यायचं ना?" सगुणाबाई तिला "हो" म्हणाल्या खऱ्या, पण घरी जाताना त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. वाद न घालता हट्टी माणसाचं मन वळवायचं कसं?

वाटेत पाणवठ्यावर दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. "मी कुठं म्हणाले तुझी सून आळशी? म्हणाली ती! माझ्या तोंडी कशाला घालतेस?" एवढ्यावरून घागरी आपटल्या जात होत्या. सगुणाबाई थांबल्या आणि ऐकत राहिल्या. शिवी खाल्ल्याचा राग एक वेळ विरतो, पण न दिलेली शिवी आपल्या तोंडी घातली की माणूस पेटतो. त्या घरी पोचल्या तेव्हा गाणं गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सगुणाबाईंनी फळा मांडला, खडू घेतला आणि पदर सावरून विचारलं, "सरकार, दिवाणजी आपल्या हुकमाबाहेर कधी जातील का?"

महाराज हसले. "दिवाणजी माझ्या हुकमाबाहेर कधीच जाणार नाहीत."

सगुणाबाईंनी ते ठळक अक्षरांत लिहिलं. सरकारांच्या मर्जीप्रमाणे, एकही खूण न घालता:

महाराज म्हणाले दिवाणजी माझ्या हुकमाबाहेर कधीच जाणार नाहीत

चिटणिसाने वाचलं. "महाराज म्हणाले... दिवाणजी माझ्या हुकमाबाहेर कधीच जाणार नाहीत."

"बघा," महाराज म्हणाले. "खुणेवाचून काय बिघडलं?"

"काही नाही, सरकार. मीही एकदा वाचते." सगुणाबाईंनी "महाराज" म्हणून जरा दम घेतला आणि मग पुढचं वाचलं. "महाराज... म्हणाले दिवाणजी... माझ्या हुकमाबाहेर कधीच जाणार नाहीत."

महाराजांची मान सावकाश दिवाणजींकडे वळली.

"सरकार, मी असं म्हणालो नाही!" त्रिंबकरावांचं पागोटं तिरपं झालं. "बाईंनी शब्द फिरवले!"

"एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "चिटणीसबुवांनी पाहावं."

चिटणिसाने पाहिलं आणि मान खाली घातली. अक्षर न् अक्षर तेच होतं.

"पुसून टाका ते!" दिवाणजी म्हणाले.

"पुसते. पण सरकारांचं खरं बोलणंही त्याबरोबर जाईल."

महाराज गादीवरून उठले आणि फळ्यापाशी आले. एकदा त्यांनी स्वतःच पुटपुटत वाचलं, मग दुसऱ्या तऱ्हेने वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बोललो मी, आणि हुकूम चालायचा यांचा? छे, छे. बाई, त्या तुमच्या खुणा घाला इथे."

"कुठे घालू, सरकार?"

"अहो, माझं तोंड उघडलं तिथे! 'दिवाणजी'च्या आधी एक, आणि 'नाहीत'च्या पुढे दुसरी."

सगुणाबाईंनी खुणा घातल्या आणि खडू ठेवला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "मागितल्या की."

आपण काय बोलून गेलो ते महाराजांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी सगुणाबाईंकडे रोखून पाहिलं. "आणि मी मागितल्याच नसत्या तर?"

"तर काय, सरकार? दवंडीवाला जिथे दम घेईल, त्यावर ठरलं असतं, देवकोंडात राज्य कुणाचं ते."

महाराज एवढे हसले की त्यांना फळ्याचा आधार घ्यावा लागला. दिवाणजीही हसले. हसण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

हत्तीखान्याशेजारची दगडी इमारत त्याच दिवशी शाळेला मिळाली, आणि सगुणाबाईंना शालजोडी. हुकूम चिटणिसाने तिथेच लिहून काढला. महाराजांनी शिक्का उचलला, पण उमटवला मात्र नाही. कागद सगुणाबाईंकडे सरकवत ते म्हणाले, "आधी तुम्ही एकदा तपासा."