काबरी वर का बघते

"माझं मेलं कुणी ऐकतच नाही!" काबरी कोंबडी ओरडून ओरडून दमली होती.

ही गोष्ट फार जुनी. माणसं आणि कोंबड्या एकमेकांशी बोलायच्या, तेव्हाची. रानाच्या कडेला गोजरा नावाची बाई राहायची. तिच्या अंगणात एक खुराडं आणि एक शेवगा. काबरी ही तिची गावठी कोंबडी. अंगाने मूठभर, आवाज गावभर. झोपायची मात्र शेवग्याच्या फांदीवर.

पुढे गोजराने बाजारातून पांढऱ्या कोंबड्या आणल्या. भरल्या अंगाच्या, रोज अंडं देणाऱ्या. पहिल्याच दिवशी अंगणावरून घारीची सावली सरकली. काबरी कोकलत जास्वंदीखाली घुसली. पांढऱ्या जागच्या हलल्या नाहीत.

काबरीला नवल वाटलं. "अगं, तुम्ही वर कशा बघत नाही?"

"वर काय असतं?" थोरल्या पांढरीने विचारलं.

"आभाळ! घार!"

"आमच्या आजीच्या आजीपासून डोक्यावर छप्पर आहे, बाई. दाणे खाली पडतात. मान वर करून काय मिळणार?"

सगळ्या फिसकन हसल्या. धाकटी तेवढी हसली नाही. तिने मान वाकडी केली आणि एका डोळ्याने आभाळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी काबरी गोजराला म्हणाली, "खुराड्याची मागची फळी कुजलीय. रानमांजर हुंगून गेलंय. फळी ठोकून घे."

"रोज अंडं देणाऱ्या गप्प आहेत आणि ही कधीमधी देणारी मला अक्कल शिकवतेय!" गोजरा भडकली. तिने कात्री आणली आणि काबरीच्या एका पंखाची पिसं छाटली. "आता चढ शेवग्यावर! गुमान आत झोप, चारचौघींसारखी."

"पंख काप, पण फळी ठोक गं बाई!"

खुराड्याचं दार लागायच्या आत काबरी सटकली. उडता येईना, म्हणून बाभळीच्या काट्यांच्या ढिगात शिरली. धाकटी पांढरी तिच्या मागोमाग.

"काटे टोचतात गं!"

"टोचू देत. म्हणूनच इथे कुणी येत नाही."

सकाळी फळी फुटलेली होती. पांढऱ्या जिथे बसल्या तिथेच मरून पडल्या होत्या. पळायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

गोजराने कपाळ बडवलं. रानमांजराला शिव्या घातल्या. मग म्हणाली, "या पांढऱ्याच बावळट!"

"मेलेल्यांना नावं ठेवू नकोस," काबरी म्हणाली. "छपराखाली वाढलेल्या जिवांनी छपरावर भरवसा ठेवला. ही धाकटी बघ. दाखवणारी भेटली, तर एका दिवसात शिकली."

"मग दोष कुणाचा?" गोजराने विचारलं.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: धोका ओळखणाऱ्याचे पंख छाटून धोका टळत नाही.

धाकट्या पांढरीने मान वाकडी केली, एका डोळ्याने आधी फळीकडे पाहिलं, मग कात्रीकडे, आणि नाव घेतलं, "गोजरा."