सात पिना आणि एक

“इथं काय लिहिलंय?”

कांडगावे सरांनी पोस्टरवरच्या जपानी अक्षरांवर बोट ठेवलं. शाल्मली गडबडली.

चित्रकलेच्या अख्ख्या कॉलेजात ती कुणाला हार जाणारी नव्हती. परीक्षकांनी तिचं बंडखोरीवरचं पोस्टर दोनदा परत केलं, तेव्हाही चूक त्यांचीच होती. पण परवा तिसरी आणि शेवटची खेप होती. ती हुकली तर वर्ष गेलं. म्हणून बाईसाहेब नाक मुठीत धरून निवृत्त सरांच्या दारी आल्या होत्या.

“माहीत नाही, सर... पण दिसतंय जबरदस्त.”

“कुणाचं आहे हे?”

“जपानमधल्या मोटारसायकलवाल्या टोळ्यांचं. लांब कोटांवर अशी वाक्यं भरतकाम करून मिरवायची पोरं.”

“भरतकाम कोण करायचं?”

हे तिनं कुठंच वाचलं नव्हतं.

“बरं. आणि या पिना?”

इथं तिला जोर आला. “लंडनच्या बंडखोर पंक पोरांच्या. फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडून रस्त्यानं हिंडायची. सगळ्या जगाला आव्हान, सर.”

सरांनी पोस्टर डोळ्यांजवळ नेलं. सात पिना होत्या, एकीपेक्षा एक झळाळत्या.

“यात फाटलंय कुठं?”

शाल्मलीचा हात खांद्यावर आणखी घट्ट दाबला गेला.

“तो हात बाजूला घे बघू.”

आल्यापासून तिचा डावा तळवा खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्यावर होता. तिनं तो नाइलाजानं काढला. पट्टा तुटला होता. एका काळपट पिनेनं तो कसाबसा धरून ठेवला होता.

“सकाळी इचलकरंजीच्या स्टँडवर तुटला,” ती पुटपुटली. “आईनं लावून दिली.”

आई साड्यांना फॉल लावते, हे तिनं कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“तिच्याजवळ जादा पिन होती?”

“नाही... पदराची काढून दिली.”

“मग पदर?”

गाडी सुटताना आई एका हातानं पदर खांद्याशी धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं निरोप देत होती. शाल्मलीनं ते पाहिलं होतं आणि मान फिरवली होती. गाडीत कॉलेजची दोघंजण बसली होती ना. आता ते आठवलं आणि तिचं बोट पिनेवर गेलं.

“हातानं धरला होता, सर...”

सरांनी खणातून पुस्तकं शिवायची जाड सुई काढली, दोरा मेणावरून ओढला. नजर साथ देत नव्हती, दोरा तिसऱ्या खेपेला ओवला गेला. शाल्मली “मी करते” म्हणाली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पिशवी मांडीवर घेऊन ते पट्टा शिवत बसले. टाके वाकडे पडले, पण घट्ट पडले.

मग त्यांनी पिन सोडवली, मिटवली आणि हलकेच तिच्या तळहातावर ठेवली.

“पोस्टर राहू दे इथंच.”

“पण सर, परवा...”

“इचलकरंजीची साडेचारची गाडी मिळेल, पोरी. आधी तिची पिन देऊन ये.”