केवड्याचं बोट

दुकानात माल विकावा, गिऱ्हाईक विकू नये. कऱ्हाडच्या पेठेला मात्र त्याचा विसर पडला होता. एका वेबसाइट कंपनीच्या करारावर सगळे दुकानदार संध्याकाळी सह्या करणार होते. कंपनीचे केळुसकरसाहेब सकाळीच आले.

"कुकी म्हणजे गिऱ्हाइकाला लावलेली बारीकशी खूण," ते म्हणाले. "तो कुठं गेला, काय पाहिलं, सगळं आपल्याला कळतं. आणि 'मान्य' तोच दाबतो!"

म्हाताऱ्या दस्तगीर अत्तारांना हे रुचलं नाही. त्यांच्या दुकानात बायाबापड्या विश्वासानं मनातलं बोलत. तरी ते हसून म्हणाले, "साहेब, अत्तर लावू?"

साहेबांनी ऐटीत मनगट पुढं केलं. दस्तगीरचाचांनी त्यावर केवड्याच्या अत्तराचं बोट फिरवलं, आणि साहेब दरवळत पेठ बघायला निघाले.

संध्याकाळी भरल्या बैठकीत दस्तगीरचाचा म्हणाले, "साहेबांनी वैद्यांकडं टकलावरचं तेल मागितलं. मग उंच टाचेचे बूट घालून आरशात तीनदा पाहिलं."

साहेब लालबुंद झाले. "माझ्यावर पाळत? कुणाच्या परवानगीनं?"

"केवड्याचा वास आला की मला कळवा, एवढंच मी दुकानदारांना सांगितलं होतं. मनगट तुम्हीच पुढं केलंत."

"आधी पुसा हे!"

"सोय आहे की! तीन दारं ओलांडून, परसात, लाकडांच्या मागं नळ आहे. तुमच्या वेबसाइटवर 'नको'चं बटण असतं ना, अगदी तितकाच जवळ."

साहेब नळ शोधत गेले. ते परतले तेव्हा दुकानदार उठून गेले होते, आणि करारावरची सह्यांची जागा कोरीच होती.