दिव्याची उंची

मोटारी अजून आपसांत बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. वामनरावांनी एक जुनी मोटार हौसेनं नव्यासारखी केली होती. तिच्या पुढच्या दिव्याला आपल्या चकाकीचं भारी कौतुक. इंजिन तेल गाळू लागलं, म्हणून वामनरावांनी ते अंगणातच उतरवायला घेतलं.

"कुप्पीमावशी, या काळ्या धोंड्याला परत आणूच नका," दिवा ओझं उचलणाऱ्या साखळीच्या कुप्पीला म्हणाला. "लोक येतात ते मला बघायला."

कुप्पीनं इंजिन उचललं. ओझं गेल्याबरोबर मोटारीचं नाक वर आलं.

"बघितलंत? तो गेला आणि मी उंच झालो."

"झालास खरा," कुप्पी म्हणाली आणि तिनं इंजिन हळूच विटांवर टेकवलं.

दिवेलागणीला वामनरावांनी दिवा लावून पाहिला. उजेड गेला थेट शेजारच्या माडावर. फाटकापुढचा रस्ता अंधारातच.

"काय हो, आमचे नारळ मोजताय का?" शेजारच्या सुमतीवहिनी कुंपणावरून म्हणाल्या. "रस्ता दाखवत नाही तो दिवा काय कामाचा? बदलून टाका."

वामनराव मान डोलावून हात धुवायला गेले.  मग दिवा हळूच म्हणाला, "कुप्पीमावशी, इंजिनदादा परत कधी यायचे?"