घुंगरांचं झाड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं पडायची होती आणि नदीला लोक नुसतं नदीच म्हणत.

त्या नदीच्या खोऱ्यात एक विणकर आणि त्याची बायको राहत होते. त्यांना एक मुलगी होती, ठमी. ठमी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला ऐकू यायचं, हाक मारली की ती वळायची, सांगितलेलं सगळं तिला समजायचं. पण तोंडातून शब्द निघायचा नाही. काही हवं असलं की रडायची आणि नको असलं तरी रडायची. कोणतं रडणं कशाचं, हे ओळखण्यात आईचा दिवस जायचा.

ही आई, म्हणजे आपली विणकरीण, मोठी चौकस बाई होती. लहानपणी तिनं पेरलेले दाणे उकरून पाहिले होते, मोड कुठल्या बाजूनं फुटतो ते बघायला. सासू म्हणायची, “हिच्यापुढं भाकरी ठेवा. आधी विचारेल ही फुगते कशानं, आणि मग खाईल. गार झाल्यावर.”

खोऱ्याच्या वरच्या टेकडीवर एक वैद्यबुवा राहत. ज्या मुलांचे पाय चालत नाहीत, हात वळत नाहीत, जीभ वळत नाही, अशी सगळी मुलं त्यांच्याकडे जात. त्यांच्या अंगणात करंजाचं मोठं झाड होतं. एक मूल बरं झालं की बुवा त्या झाडाला एक घुंगरू बांधत. वारा सुटला की सगळं झाड वाजायचं आणि टेकडी चढणाऱ्या आईबापांचे पाय आपोआप भराभर पडायचे.

बुवांचा नियम एकच होता. “इथं काय होतं, मुलाला किती फरक पडला, हे कुणापाशी बोलायचं नाही. झाडपाल्याचं औषध आहे. वाच्यता झाली की गुण जातो.”

म्हणून अंगणात आईबाप शेजारी शेजारी बसत आणि पावसापाण्याचं बोलत.

ठमी दर पौर्णिमेला टेकडीवर जायची. बुवा तिच्या जिभेला आणि कपाळाला हिरवा लेप लावत आणि म्हणत, “फरक पडतोय. आत पडतोय. बाहेर दिसायला वेळ लागेल.” पहिल्या वर्षी विणकरानं त्यांना लुगडी आणि धोतरं दिली. दुसऱ्या वर्षी साठवलेलं धान्य दिलं, मग गाय दिली. आता बुवा म्हणाले होते, मोठा लेप करावा लागेल. त्यासाठी देण्यासारखं घरात एकच उरलं होतं, माग. पुढच्या पौर्णिमेला मागाचं गिऱ्हाईक येणार होतं.

“माग गेला तर दुसऱ्याच्या मागावर बसेन,” विणकर म्हणाला. “पोर बोलली म्हणजे झालं.”

“बोलेल ना?”

“बुवा म्हणाले ना, फरक पडतोय.”

“कुठं पडतोय?”

“आत.”

“अहो, पण आत म्हणजे कुठं?”

विणकरानं हातातला सुताचा धोटा खाली ठेवला. “तू असलं विचारत बसतेस ना, त्यानंच गुण अडलाय.”

हे मात्र तिला लागलं. ती गप्प बसली. पण चौकस माणूस गप्प बसला तरी त्याचं डोकं गप्प बसत नाही. तिच्या डोक्यात एक साधंच कुतूहल होतं, त्यात संशयाचा लवलेश नव्हता. तिला वाटायचं, बुवांनी बरी केलेली मुलं पहिला शब्द कोणता बोलली असतील? आई? पाणी? की कुत्र्याचं नाव? एखादं बरं झालेलं मूल एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे आपल्यालाही जरा धीर येईल.

म्हणून पौर्णिमेची वाट न बघता टेकडीवर जाऊन तिनं बुवांना विचारलं, “बुवा, ही घुंगरांची मुलं राहतात कुठं?”

“चारी दिशांना.”

“एखादं नाव सांगता?”

“नाव सांगितलं की…”

“गुण जातो,” तिनंच वाक्य पुरं केलं.

पण आठवडी बाजारात नशिबानं तिला एक ओळखीचा चेहरा दिसला. एक तेलीण होती. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती लंगड्या मुलाला घेऊन बुवांच्या अंगणात यायची. मग यायची थांबली, आणि झाडावर नवं घुंगरू आलं. विणकरीण ठमीला कडेवर घेऊन तेलणीच्या मागोमाग तिच्या घरी गेली.

“का गं बाई?” तेलीण म्हणाली. “तेल हवं होतं तर बाजारात मागायचं.”

“तेल नको. तुझा मुलगा बघायला आले. बरा झालाय ना? त्याचं घुंगरू आहे झाडावर.”

तेलीण तिच्याकडे बघतच राहिली. “माझ्या मुलाचं घुंगरू?”

एवढ्यात मुलगा घरातून बाहेर आला. भिंतीला कमरेच्या उंचीवर एक दोर ताणून बांधला होता. तो धरून, लंगडतच, पण भराभर, तो गोठ्याकडे गेला.

“पाय होता तसाच आहे,” तेलीण हळूच म्हणाली. “दोर याच्या बापानं बांधला. बुवांकडचं आम्ही सोडलं. बैल विकला, जमीन गहाण पडली, मग सोडलं.”

“मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? सगळ्यांना गुण येतो, झाड वाजतंय एवढं. आम्हालाच आला नाही. आमचंच काहीतरी चुकलं असेल.”

“काय लावायचे पायाला?”

तेलणीनं आजूबाजूला पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हे बोलत होती. “हिरवा लेप.”

“आणि म्हणायचे काय?”

“फरक पडतोय.”

“आत पडतोय,” विणकरीण म्हणाली.

“तुला कसं ठाऊक?”

मग दोघींना हसू आलं, आणि हसता हसता तेलणीनं पदर डोळ्यांना लावला.

आता तुम्ही म्हणाल, एका घरावरून काय कळतं? विणकरणीलाही तसंच वाटलं. म्हणून अंगणात यायची थांबलेली आणखी घरं ती शोधत गेली. कुठं हात वळत नव्हता, कुठं मुलाला झोप लागत नव्हती. प्रत्येकाचं घुंगरू झाडावर होतं आणि प्रत्येक घरात आई मान खाली घालून सांगत होती की आमचंच काहीतरी चुकलं असेल.

शेवटी ती नदीकाठी नावाड्याच्या घरी पोचली. त्याची मुलगी ठमीहून मोठी होती. तीही बोलत नव्हती. पण ती काठावर उभी राहून पलीकडच्या नावेतल्या बापाशी हातांनी खुशाल भांडत होती.

“हे तिला कुणी शिकवलं?” विणकरणीनं विचारलं.

“शिकवायचं काय त्यात?” नावाड्याची बायको म्हणाली. “मध्ये एवढा वारा. तोंडानं कोण ओरडत बसणार? आम्ही सगळे हातांनीच बोलतो. हिला आमच्याहून जास्त येतं. शिव्यासुद्धा.”

ठमी सगळं टक लावून बघत होती. विणकरणीनं तिला भाकरीचा घास पुढं केला. ठमी रडली नाही. तिनं त्या मुलीसारखा तळहात आडवा हलवला.

“नको म्हणतेय,” नावाड्याची बायको म्हणाली.

विणकरणीनं घास पुन्हा पुढं केला. नक्की बघायचं होतं तिला. ठमीनं पुन्हा तळहात हलवला, या वेळी जरा चिडून. पाच वर्षं पोटातलं ओळखत बसलेल्या आईला मुलीनं प्रथमच काहीतरी सांगितलं होतं. आई ते घरी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि ठमी पुन्हा पुन्हा नको म्हणत राहिली.

पौर्णिमेला विणकरीण टेकडीवर गेली. बरोबर ठमी होती, तेलीण होती आणि नावाड्याची बायकोही होती. विणकरही मागून आला, काळजीत पडलेला. अंगण आईबापांनी भरलं होतं.

“बुवा,” ती म्हणाली, “एखाद्या मुलाला गुण आला हे तुम्हाला कशावरून कळतं?”

बुवा प्रेमानं हसले. ते काही लबाड नव्हते. “सोपं आहे, बाई. गुण आला की त्याचं इथं येणं थांबतं.”

“आणि गुण नाही आला तर?”

“तर तो येत राहतो.”

“आणि गुण येत नाही म्हणून जो कंटाळून यायचं सोडतो, तो?”

असं कुणी असू शकतं, हे बुवांच्या कधी मनातच आलं नव्हतं. मग त्यांची नजर तेलणीवर गेली आणि त्यांचा आवाज चढला. “तुम्ही बोललात. नियम मोडलात. म्हणून गुण गेला.”

“आम्ही या महिन्यात बोललो, बुवा. हिच्या मुलाचं घुंगरू गेल्या पावसाळ्यातलं आहे.”

मग अंगणातल्या एका बापानं शेजाऱ्याकडे वळून विचारलं, “तुमच्या पोराला काय लावतात हो?”

“हिरवा लेप. तुमच्या?”

“हिरवाच.”

आणि मग ज्यांनी वर्षानुवर्षं शेजारी बसून नुसतं पावसापाण्याचं बोलणं केलं होतं, ते सगळे एकदम बोलायला लागले.

विणकरानं त्याच संध्याकाळी मागाच्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि बायकोला म्हणाला, “तो हात कसा हलवायचा, मला दाखव.”

पुढं आईबाप बाजाराच्या दिवशी नदीकाठी जमू लागले. कशाचा उपयोग झाला हे तिथं सांगत आणि कशाचा झाला नाही हेही तितक्याच मोठ्यानं सांगत. कुणी भिंतीला दोर बांधायला शिकलं, कुणाला पलीकडच्या खोऱ्यातली एक वैद्य बाई सापडली. ती पहिल्याच दिवशी सांगायची, “पावसाळा संपेपर्यंत अमुक एक गोष्ट दिसली पाहिजे. नाही दिसली तर माझा उपाय चुकला असं समजा आणि मला येऊन सांगा.” ठमी तोंडानं कधीच बोलली नाही. पण हातांनी ती आजीशी इतका वाद घालायची की म्हातारीलाही ती बोली शिकावी लागली.

आणि बुवा? त्यांच्या अंगणात हळूहळू कुणीच येईनासं झालं. जो जो यायचा थांबला त्याच्या नावानं त्यांनी एकेक घुंगरू बांधलं. अंगण पार ओस पडलं त्या दिवशी त्यांनी शेवटचं घुंगरू बांधलं, झाडाखाली बसून ते वाजताना ऐकलं आणि डोळे मिटून समाधानानं म्हणाले, “अखेर सगळं खोरं बरं झालं.”

यातून घ्यायचं ते एवढंच: जो उपाय आपलं अपयश ऐकून घ्यायला तयार नसतो, त्याच्या यशाच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये.