कुटज आणि तिसरी हाक

त्रेतायुगाला नुकता कुठे आरंभ झाला होता. धर्म तीन पायांवर तोल सावरू पाहत होता, आणि देव पृथ्वीवर येत असले तरी पूर्वीइतका वेळ थांबत नव्हते. त्या काळी सह्य पर्वताच्या उतरणीवर, कृष्णतोया नदीच्या काठी, शांकवगोत्री ऋषींचा आश्रम होता. तेथे होमाचा धूर ऐन-सागांच्या शेंड्यांत अडकून राही, हरिणे यज्ञशाळेच्या उंबऱ्याशी निजत, आणि ग्रीष्मात कुटजाची, म्हणजे आपल्या कुड्याची, झाडे अशी फुलत की डोंगराने पांढरी घोंगडी पांघरली आहे असे वाटे. एवढे सौंदर्य होते. पण माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर आला की त्या आश्रमात एकही दार उघडे दिसत नसे.

कारण आश्रमासमोरच्या डोहात नामाद राहत होता.

या असुराने शंभर वर्षे पाण्याखाली श्वास रोखून ब्रह्मदेवाला प्रसन्न केले होते. "ज्याचे नाव मला ठाऊक आहे, त्याला मी तीनदा हाक मारताच त्याने माझ्याकडे यावे," असा वर त्याने मागितला. ब्रह्मदेवाने वर दिला, पण त्याला दोन वेसणी घातल्या. "दुधाचे दात पडले नाहीत अशा बालकांवरच तुझी हाक चालेल. आणि ज्या नावाचे बालकच नाही, त्या नावाने तू तिसरी हाक मारलीस, तर ती तुझ्यावर उलटेल."

ज्या मुलाला चालता येई ते हाकेसरशी चालत जाई. ज्याला येत नसे त्याला त्याची आईच घेऊन जाई. हे सर्वांत भयंकर होते. डोळे उघडे, ओठ मिटलेले, हातांत मूल, अशी ती पाण्यात शिरे. आणि भानावर येई तेव्हा छातीपर्यंत भिजलेली असे, हात रिकामे असत. एकीला जाड दोरांनी खांबाला बांधून ठेवले, तर ती खांब उपटून फरफटत घेऊन गेली. तीन वर्षांत सात मुलगे गेले.

सातवा होता विशिखेचा.

विशिखा ही कुलपती दृढव्रताची सून. बापाच्या मांडीवर बसून सामगान शिकलेली, आणि सासरी आल्यावर ते विसरायला ठाम नकार दिलेली. तिच्या पहिल्या मुलाचे नाव सुतपा होते. चाळीस दिवसांचा असताना तिने त्याला स्वतःच्या पायांनी डोहात नेले. त्यानंतर वर्षभर ती आपल्या पायांकडे शत्रूकडे पाहावे तशी पाहत असे.

आता तिला दुसरा मुलगा झाला होता. अकरा दिवस उलटले होते. उद्या नामकरण.

दृढव्रत सूतिकागृहाच्या दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "मुली, उद्या याचे नाव सुतपा ठेवायचे. माझ्या पित्याचे नाव. फेरा मोडता येत नाही."

शांकवांचा तो नियमच होता. प्रत्येक कुळात चार नावे. रहाटाच्या पोहऱ्यांसारखी ती फिरत. श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे मोठ्या स्वराने उच्चारून नदीकाठी पिंड ठेवायचे, आणि वंशातल्या पुढच्या मुलाने त्यांतलेच नाव धारण करायचे.

"तेच नाव, तात?" विशिखेचा आवाज चिरकला. "त्याच्या आधीच्या सुतपाचे हाड तरी सापडले का तुम्हाला?"

"म्हणूनच. नाव मोकळे राहिले तर पितर उपाशी राहतात."

"पितर उपाशी राहू नयेत म्हणून असुराला जेवू घालायचे!"

दाराशी बसलेल्या अनूपेने, तिच्या सासूने, तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली ते कळले नाही. एवढेच म्हणाली, "बाळंतिणीने एवढे तापू नये ग. दूध नासते."

"आई, मला एक सांगा. सात गेले. सातही मुलगे. आश्रमात मुली नाहीत का? त्यांतली एकही कशी गेली नाही?"

"दैव," दृढव्रत म्हणाला.

"मुलींची नावे कोण ठेवते?"

"त्यांच्या आया ठेवतात. फूल, पाखरू, जे दिसेल ते. ती कोण लक्षात ठेवतो?"

"तेच म्हणते मी!" विशिखा उठून बसली. "ती कोणाच्या लक्षात नसतात. आणि मुलग्यांची? दर अमावास्येला, डोहाच्या काठावर उभे राहून, खणखणीत स्वरात तुम्हीच ती सांगता. नामादाने कसली विद्या मिळवली नाही, तात. तो फक्त पाण्याखाली बसून ऐकतो आहे."

दृढव्रत मूर्ख नव्हता. पण सत्तर वर्षे ज्या स्वराचा अभिमान वाहिला, त्याच स्वराने आश्रमातले सात मुलगे मारले, हे कबूल करण्याइतके धैर्य त्याच्या तपात नव्हते.

"मग पिंड काय मुक्याने द्यायचे? पितरांना ऐकू कसे जाणार?"

"पितर बहिरे नाहीत. तुम्ही हळू बोलून तर पाहा."

"उद्या नांदीश्राद्ध होईल आणि सुतपा हेच नाव ठेवले जाईल," एवढे बोलून तो निघून गेला.

विशिखा बसून राहिली. मूल निजले होते. झापाच्या फटीतून कुटजाची एक फांदी आत आली होती. कोणी लावली नव्हती, कोणी पाणी घातले नव्हते, कुठल्याही पितराचा तिच्यावर हक्क नव्हता. तिने बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि श्वासाहूनही हलक्या आवाजात त्या झाडाचे नाव चार वेळा सांगितले. मुलाने झोपेतच मूठ उघडली.

अनूपा दाराशीच होती. तिने ऐकले. तिने काहीही ऐकले नाही असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी दर्भ अंथरले गेले. दृढव्रताने पितरांना आवाहन केले आणि त्याचा गंभीर स्वर पाण्यावरून पलीकडच्या कड्यापर्यंत जाऊन आला. मग बाळाला मधाचे बोट लावून त्याने घोषणा केली, "शांकवगोत्रोत्पन्न सुतपा!" ब्राह्मणांनी आशीर्वाद दिले. विशिखा मूल छातीशी धरून उभी होती. आपण कानात सांगितले ते नाव, की यांनी जगाला सांगितले ते? ब्रह्मदेव कोणाचे धरील?

तेवढ्यात पाखरे गप्प झाली. माध्यान्ह झाली होती. डोहाचे पाणी वारा नसताना मधोमध खचले, आणि त्या खळग्यातून, एखाद्या प्रेमळ आजोबांनी अंगणातून हाक मारावी तसा, मऊ आवाज आला.

"सुतपाऽ"

बायका किंचाळून पळाल्या. दृढव्रताच्या बोटातले दर्भाचे पवित्रक गळून पडले.

"सुतपाऽ"

आणि विशिखेचे पाय हलले. एक पाऊल, दुसरे पाऊल. वाळू ओली लागली. तिला कळेना, हे नवे बाळ ओढले जाते आहे की गेल्या वर्षीचे तिला ओढते आहे. ते नाव पूर्वी तिच्याच कुशीत निजत होते; त्या नावाला ती अजून 'ओ' देत होती. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले.

"तो गेला," ती स्वतःलाच म्हणाली. "सुतपा गेला. माझा पहिला गेला. हा तो नाही." आणि बाळाच्या कानात तोंड खुपसून ती नुसते एकच नाव म्हणत राहिली, ओठांतल्या ओठांत, पाण्याला ऐकू जाणार नाही इतके हळू.

"सुतपाऽ"

पाय थांबले.

हाक पलीकडच्या कड्यावर आदळली आणि माघारी फिरली. पाण्यातून असा आक्रोश उठला की झाडांवरची फुले झडली. नामादाचे मस्तक वर आले. त्याचीच हाक त्याला आतून ओढत होती आणि त्याला जायला जागा नव्हती. तो आपल्यातच मिटत गेला, घट्ट होत गेला, आणि डोह शांत झाला तेव्हा तेथे एक काळा पाषाण उभा होता. त्याचे तोंड उघडेच राहिले होते.

मग व्हायचे तेच झाले. आदल्या दिवशी विशिखेला उद्धट म्हणणारे वृद्ध दुसऱ्या दिवशी तिच्या दारात रांग लावून उभे राहिले. "ते नाव सांग." तिने सांगितले. दीड वर्षात आश्रमात अकरा कुटज झाले. दृढव्रताने तर सभा भरवून नियमच केला की शांकवांच्या प्रत्येक ज्येष्ठ पुत्राचे नाव कुटजच असावे, आणि यज्ञशाळेत ते रोज मोठ्याने गायले जाऊ लागले.

"तात, ते नाव पवित्र नव्हते हो," विशिखा वैतागून म्हणाली. "ते फक्त नवे होते."

"तुझेच तर नाव गौरवतो आहोत, मुली. आता तरी भांडू नकोस!"

एके दिवशी माध्यान्ही ती नदीवर वल्कले धूत होती. मुलगा काठावर शिंपले गोळा करता करता दूर गेला. तिने हाक मारली, "कुटज!" पाषाणाने ती परत दिली, "कुटज." रोज देई तशीच. पोरे त्या खेळाला सरावली होती.

मग एक श्वास घ्यावा एवढा वेळ गेला. आणि कोणी हाक मारली नसताना, मऊ आवाजात, आजोबांसारखे, पाषाण पुन्हा म्हणाला:

"कुटजऽ"

विशिखेचा हात वल्कलावर गोठला. काठावर मुलाने शिंपला खाली टाकला, मान वळवली आणि पाण्याकडे एक पाऊल टाकले. दूर आश्रमात एका झोपडीचे दार उघडले. मग दुसरे.

दोन हाका झाल्या होत्या.

ती धावली. मुलाला उचलून त्याच्या कानात तिने ओठ घातले आणि त्याचे नाव काढून घेतले. ज्या नावाने त्याला वाचवले होते, जे तिने पहिल्यांदा उच्चारले तेव्हा त्याने मूठ उघडली होती, ते तिने खुडून टाकले आणि दुसरे ठेवले. कुठले, ते तिने नवऱ्यालाही सांगितले नाही. मग मूल कडेवर घेऊन ती झोपडी झोपडी ओरडत फिरली, "नाव बदला! कानात सांगा, हळू सांगा, मलाही सांगू नका!" मुले घेऊन नदीकडे निघालेल्या दहा आया वाटेतच थांबल्या, खाली वाकल्या. दहा कानांत दहा नावे गेली. आता कुटज नावाचे एकही बालक उरले नव्हते, आणि एकदा पोळलेल्या पाषाणाने तिसरी हाक मारली नाही.

दृढव्रत यज्ञशाळेच्या पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली नाही. "मीच पुन्हा त्याला शिकवले," तो म्हणाला. "आता काय करू?"

"हळू बोला, तात," विशिखा म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

त्या अमावास्येला त्याने पिंड ठेवले तेव्हा ओठ हलले, स्वर उमटला नाही. कावळे नेहमीसारखेच आले.

म्हणून त्या खोऱ्यात पितरांची नावे आजही ओठांतल्या ओठांत घेतात. म्हणूनच कुटज हे नाव इतके दुर्मिळ. पिढ्यान् पिढ्या कोणी ते ठेवीत नाही, आणि कोणी ठेवलेच, तर ते गाजू देत नाही. मुलाचे नाव ठरवण्याआधी आई एकटी डोहावर जाते आणि पाषाणाला ते एकदाच ऐकवते; एकदा ऐकून तो नाव शिकत नाही, पाठ झालेलेच पुन्हा म्हणतो. ते एकदाच परत आले तर ती निश्चिंत मनाने घरी येते. थोड्या वेळाने ते पुन्हा आले, तर ती दुसरे नाव शोधते.

कुटजाच्या दोन हाका त्या दिवशीच झाल्या आहेत. तिसरी अजून यायची आहे.